काळे-पांढरे खडे आणि रुई नैवेई

बुद्धिबळाचा पट आपल्या परिचयाचा आहे. परंतु चीन, जपान व कोरिया या देशांत ज्या खेळास बुद्धीची खरी कसोटी मानतात, त्या ‘गो’चे नावही आपणांपैकी अनेकांनी ऐकले नसेल. एकोणीस आडव्या व एकोणीस उभ्या रेषा, त्यांचे ३६१ छेदबिंदू आणि काळे-पांढरे खडे, एवढेच काय ते साहित्य. येथे राजा नाही, वजीर नाही. सारे खडे सारख्याच योग्यतेचे. एकदा मांडलेला खडा हलवावयाचा नाही. तो चोहोंकडून वेढला गेला तरच पटावरून उचलावयाचा. अखेरीस ज्याच्या वेढ्यात अधिक प्रदेश, तो विजयी. घरातील मुलांना नियम समजावयास एक संध्याकाळ पुरे.

शांघाय येथे १९६३ साली जन्मलेल्या रुई नैवेई यांनी १९८८ मध्ये या खेळातील ‘नववी दान’ ही सर्वोच्च श्रेणी मिळविली. व्यावसायिक खेळाडूंत तोवर जगातील कोणत्याही स्त्रीस ती लाभली नव्हती. एवढ्या यशानंतर पुढील वाट सुकर झाली असेल, असे आपणांस वाटेल. घडले ते उलटेच. संघाच्या शिस्तीवरून मतभेद झाले, त्यांनी राष्ट्रीय संघ सोडला आणि १९९० मध्ये त्या जपानला गेल्या. तेथेही व्यावसायिक स्पर्धांचे दार त्यांना उघडले नाही. पट होता, विद्या होती. समोर बसावयास प्रतिस्पर्धी तेवढा नव्हता. गवयाला मैफल मिळू नये, तशीच ही अवस्था! या काळात मूळचे चीनचे, पण जपानमध्ये कीर्ती पावलेले थोर खेळाडू गो सेइगेन यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले, हे त्यांचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे.

संधी क्वचित येई. आली की मात्र त्या ती दवडीत नसत. १९९२ च्या इंग चषक स्पर्धेत त्यांनी कोरियाच्या ली चांग-हो यांना हरविले. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ली यांनी जागतिक विजेतेपद पटकाविले होते! उपांत्य फेरीत जपानचे ओताके हिदेओ यांच्यापुढे रुईंची वाटचाल थांबली. त्याच वर्षी ज्यांग जूज्यू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेही नवव्या दानचे खेळाडू, आणि तेही मायदेश सोडून अमेरिकेत राहिलेले. पुढे काही वर्षे उभयतांचे वास्तव्य अमेरिकेत झाले.

अखेर १९९९ मध्ये कोरियाच्या गो संस्थेने या दांपत्यास आपल्या स्पर्धांत खेळण्याची अनुमती दिली. आणि पाहा, लगेच पुढल्या वर्षी काय झाले! ‘गुक्सू’ ही कोरियातील जुनी व मानाची पदवी. १९५६ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत आव्हानकर्ता ठरविणाऱ्या सामन्यात रुईंनी पुन्हा ली चांग-हो यांनाच नमविले. पदवी होती चो हुन-ह्युन यांच्याकडे. हे चो म्हणजे लींचे गुरू; बालपणी ली त्यांच्याच घरी राहून शिकले. शिष्यानंतर आता गुरूची पाळी आली. तीन डावांच्या लढतीत रुईंनी २-१ असा विजय मिळविला. स्त्रीपुरुष दोघांसाठी खुली असलेली मोठी पदवी स्त्रीने जिंकण्याचा जगातील हा पहिलाच प्रसंग होता.

चो यांनी २००१ मध्ये ती पदवी परत घेतली. २००४ साली केवळ नवव्या दानच्या खेळाडूंसाठी असलेला मॅक्सिम चषक रुईंनी यू चांग-ह्युक यांना हरवून जिंकला. २०११ मध्ये त्या पतीसह चीनला परतल्या आणि तेथील स्पर्धांत पुन्हा खेळू लागल्या.