पगारदार कुटुंबाची कर्जमुक्ती : हिंगणा परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

विदर्भातील कर्जबाजारीपणाची चर्चा बहुधा शेतकऱ्यापासून सुरू होते आणि तेथेच संपते. हिंगणा तालुक्याची स्थिती मात्र काहीशी संमिश्र आहे. नागपूर शहराला लागून असलेल्या या तालुक्यात एकीकडे कापूस व सोयाबीनची शेती आहे, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आहे आणि या दोहोंच्या सान्निध्यात अभियांत्रिकी व अन्य महाविद्यालये उभी आहेत. त्यामुळे वडिलांचे पीककर्ज, कारखान्यात जाणाऱ्या मुलाच्या दुचाकीचे हप्ते आणि सुनेने पतसंस्थेतून उचललेली रक्कम या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदू शकतात. राज्य शासनाने २०१७ व २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कर्जमाफी योजना शेतीकर्जापुरत्या होत्या. उरलेल्या देण्यांचा भार कुटुंबावरच राहिला. प्रस्तुत लेखात पगारावर जगणाऱ्या, विशेषतः महाविद्यालयीन, व्यक्तीच्या कर्जाचा विचार केला आहे. सर्व देण्यांची एकच पूर्ण यादी समोर आल्याशिवाय कर्जमुक्तीचा कोणताही उपाय लागू पडत नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

समेट मंडळाचा धडा

हे तत्त्व नवीन नाही. नागपूर राजधानी असताना ते या प्रांतात कायद्यानेच मान्य केले होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, परंतु कर्जाचा आकडा मात्र जुन्याच रुपयांत कायम राहिला. तेव्हा मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने १९३३ साली कर्ज समेट कायदा संमत केला. पुढे इतर प्रांतांनीही अशाच स्वरूपाचे कायदे केले. या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळापुढे ऋणको व त्याचे सर्व धनको यांना आपापल्या रकमांचे विवरण मांडावे लागे. जो सावकार विहित मुदतीत विवरण सादर करीत नसे, त्याचे कर्ज फिटले असे मानण्याची तरतूद होती. त्यानंतर रक्कम कमी करून हप्ते बांधून देण्याचा प्रयत्न होई. समेट धनकोंच्या संमतीवर अवलंबून असल्याने या यंत्रणेला मर्यादा होत्या, म्हणूनच १९३९ मध्ये ऋणपरिहार न्यायालयांची तरतूद असलेला वेगळा कायदा करावा लागला. तथापि सर्व देणी एका कागदावर आणण्याची त्यातील पद्धत आजही अनुकरणीय आहे. आजच्या पगारदाराचे धनको पाच ठिकाणी विखुरलेले असतात व त्यांपैकी प्रत्येकाला इतर चौघांची वसुली दिसतेच असे नाही.

यादीतील दर

यादी करताना केवळ हप्त्याची रक्कम लिहून भागत नाही. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 'सरळ १२ टक्के' दराने घेतले, तर व्याज ३६,००० रुपये व मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये होतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच आकारले जाते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजल्यास हाच दर वार्षिक सुमारे २१ टक्के भरतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे आपण फळ्यावर शिकवतो. स्वतः सही करताना ते आठवतेच असे नाही. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र व त्यात सर्व आकारांसह वार्षिक दर देणे बंधनकारक केले आहे. सहकारी पतसंस्था या आदेशाच्या कक्षेत येत नाहीत, तेथे हा हिशेब आपणच करावा लागतो.

दर कळले की क्रम ठरतो. क्रेडिट कार्डावर दरमहा ३ टक्के आकार असेल, तर ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला १,५०० रुपये व्याज होते. तेवढ्याच रकमेवर ९ टक्के दराच्या गृहकर्जाचे व्याज ३७५ रुपये होते. असे असूनही हाती आलेली महागाई भत्त्याची थकबाकी गृहकर्जात भरण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण ते कर्ज आकाराने मोठे व म्हणून भयावह वाटते.

खाजगी सावकाराचे देणे असल्यास तेही यादीत लपवू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

जामीनकी : न दिसणारे कर्ज

पगारदारांच्या यादीत हमखास राहून जाणारी नोंद म्हणजे जामीनकी. पतसंस्थेच्या कर्जाला दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतात. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी, असा हा व्यवहार चालतो. स्टाफरूममध्ये चहा घेताना पुढे आलेल्या अर्जावर सही नाकारणे किती अवघड असते, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. धनकोने आधी ऋणकोच्या मागे लागावे व मगच आपल्याकडे यावे, असा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये पगारातून थेट कपात होऊ शकते. प्रस्तुत लेखकाने एका सहकाऱ्यासाठी अशी सही केली होती. ते नोकरी सोडून गेल्यानंतर सलग चौदा महिने कपात सोसावी लागली, आणि त्या काळात घरखर्चासाठी लेखकाला स्वतःच कर्ज काढावे लागले. एकाचे कर्ज दुसऱ्याच्या घरात शिरते ते असे. म्हणून यादीत 'जामीन राहिलेली रक्कम' हा स्वतंत्र रकाना हवा, आणि तो कोरा होईपर्यंत नवीन सही करू नये. सहकाऱ्याला खरोखर मदत करायचीच असेल, तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम हातात द्यावी.

कर्जाविना राहणे

देणी फिटल्यावर पुन्हा कर्ज न काढण्यासाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी असावी, असे सर्वसाधारणपणे सुचविले जाते. कायम सेवेतील प्राध्यापकाला हे शक्य आहे. हप्ता संपताच तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत वळवली, तर घरखर्चाला जाणवतही नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याचे मानधन मात्र कित्येकदा काही महिन्यांनी एकदम हाती येते. तोवर किराणा दुकानातील उधारी आणि भिशी यांवर त्याचे घर चालते, आणि मानधन येते ते मागील देण्यातच जाते. त्याला काटकसरीचा उपदेश करणे व्यर्थ आहे. मानधनाचे देयक दरमहा ठराविक तारखेला पुढे पाठविणे ही गोष्ट प्राचार्य, कार्यालय आणि शासन यांच्या हाती आहे. पतसंस्थांनीही अशा सहकाऱ्यांना नाममात्र सभासद करून घेऊन, मंजूर मानधनाच्या मर्यादेत अल्प व्याजाची उचल देता येईल का, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.