खाणावळवालीचा हिशेब

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, वरळी, नायगाव या भागांत, एके काळी पहाटेच्या भोंग्याबरोबर दोन कामे एकदमच सुरू होत. गिरण्यांत माग चालू होत आणि चाळींच्या खोल्यांत शेगड्या पेटत. कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष गिरण्यांत कामाला आलेले असत. बायकामुले गावी असत. पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण मिळून राहत आणि पाळीपाळीने झोपत. अशांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या करीत. खाणावळ म्हटले म्हणजे बाहेर पाटी, आत टेबले आणि गल्ल्यावर बसलेला मालक असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे त्यातले काहीच नसे. चाळीतील एक लहानशी खोली, तेच घर, तेच स्वयंपाकघर आणि तीच पंगत. कुणाचा नवरा वारलेला, कुणाच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, कुणाच्या घरी एका पगारात भागत नसे. अशा स्त्रिया पहाटे चारला उठून दहा-वीस माणसांचा स्वयंपाक रांधीत. तिन्ही पाळ्यांचे लोक जेवायला यावयाचे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत भांडी घासून होत नसत. तरीही ‘बाई काय करतात?’ असे कुणी विचारले, तर ‘काही नाही, घरीच असतात,’ असे उत्तर मिळे!

वीस माणसे जेवतात आणि वीसही जण पैसे देतात. मग अशा बाईला पैशाची अडचण का भासावी? अडचण पैशाच्या रकमेपेक्षा पैसे हाती येण्याच्या वेळेची अधिक होती. वेतन देण्याविषयी १९३६ साली कायदा झाला. ज्या कारखान्यांत एक हजार किंवा अधिक कामगार असत, त्यांना मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत देण्याची मुभा त्यात होती. गिरण्या तर मोठ्याच. म्हणजे कामगाराने १ जूनला जेवलेल्या भाकरीचे पैसे १० जुलैला मिळावयाचे. मधल्या चाळीस दिवसांत भाजी, मासळी, कोळसा, रॉकेल ही मात्र रोजच्या रोज रोखीने घ्यावी लागत. तांदूळ, डाळ आणि पीठ वाणी उधारीवर देई; परंतु जो उधारीने घेतो त्याला भावात घासाघीस करता येत नाही आणि तांदळात खडे निघाले तरी दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. एका खाणावळीत वीस माणसे महिना ५० रुपये देऊन जेवतात, असे समजा. जमा झाली १,००० रुपये. त्यातून धान्य ५२०, भाजी व मासळी २००, कोळसा आणि रॉकेल ८०, असे ८०० रुपये खर्च झाले. उरले २००. ही त्या बाईची महिनाभराची मजुरी. तिच्यातूनच खोलीचे भाडे, मुलांची फी आणि घरातल्यांचे औषधपाणी व्हावयाचे.

आता मुलाला विषमज्वर झाला, किंवा चार माणसे पैसे न देताच गावी निघून गेली, तर तिने काय करावे? ती सावकाराकडे जाई. कागद नाही, जामीन नाही, रात्री मागावेत आणि रात्रीच मिळावेत, ही सावकाराची मोठी सोय. तिची किंमत व्याजात होती. समजा, तिने दरमहा दर शेकडा दहा रुपये व्याजाने १,००० रुपये घेतले. म्हणजे महिन्याला १०० रुपये व्याज. तिच्या २०० रुपयांच्या मजुरीतील निम्मे येथेच संपले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहिले. वर्षअखेर तिने १,२०० रुपये दिलेले असतात, आणि तरीही तिच्याकडे १,००० रुपये येणे आहेतच! ज्या घरात पैसा वर्षातून एकदा, सुगीलाच येतो, त्या शेतकऱ्याच्या घरीही हेच घडत आले आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले, ते या व्याजाला त्रासूनच.

सावकार टाळण्यासाठी बायका भिशी लावीत. बारा जणींनी दरमहा वीस वीस रुपये काढावेत, जमलेले २४० रुपये चिठ्ठी उचलून एकीला द्यावेत. वर्षात प्रत्येकीची पाळी येते. व्याजाचा प्रश्नच नाही. भिशीतून भांडी झाली, सणाची लुगडी झाली. परंतु आजारपण चिठ्ठीची वाट पाहत नाही. शिवाय पहिल्याच महिन्यात रक्कम उचलून एखादी खोली सोडून गेली, तर बाकीच्यांच्या हाती काहीच राहत नाही. तेव्हा भिशी सुखाच्या खर्चाला बरी, अडल्या वेळेला अपुरी.

१९७४ साली गिरणीकामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार थांबले, पण जेवणारे थांबले नाहीत, आणि खाणावळवाल्यांनी त्यांना दारातून परतही लावले नाही. कित्येकींनी अंगावरचे दागिने गहाण टाकून चुली पेटत्या ठेवल्या. संपाच्या बातम्यांत गिरण्या होत्या, पुढारी होते. या चुलींचा उल्लेख क्वचितच सापडेल. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगारांत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या मात्र ही गोष्ट ध्यानात आली. त्यांनी या स्त्रियांना एकत्र आणून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

त्या वेळी एक गोष्ट अनुकूल होती. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ पासून अगदी गरीब कुटुंबांना धंद्यासाठी वर्षाला दर शेकडा अवघ्या चार रुपये व्याजाने कर्ज देण्याची योजनाही सुरू झाली होती. परंतु योजना कागदावर असणे निराळे आणि बँकेच्या काउंटरपाशी उभे राहणे निराळे. ज्या बाईला सही येत नाही, जिच्या नावावर खोलीही नाही, तिच्यावर बँकेने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? मंडळाने यावर साधा मार्ग काढला. शेजारपाजारच्या स्त्रियांचा एक गट करावयाचा आणि गटातील प्रत्येकीने दुसरीच्या कर्जाची हमी घ्यावयाची. कोण किती माणसांना जेवू घालते, कोण शब्दाला पक्की आहे, हे बँकेच्या साहेबाला ठाऊक नसले तरी शेजारणीला पुरते ठाऊक असते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारी जाऊन उभ्या राहत. अडचण खरी असली तर हातभारही लावीत. पुष्कळ मोठमोठे व्यापारी बँकांना बुडवितात. या बायकांनी बहुतांशी आपली कर्जे फेडली.

वरच्या हिशेबातील बाईने तेच १,००० रुपये बँकेकडून घेतले, तर वर्षाचे व्याज ४० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वातीन रुपयांहून थोडे अधिक. सावकाराकडे जाणारे शंभरापैकी जवळजवळ सत्त्याण्णव रुपये घरात राहिले. त्यांतून मुद्दलाचा हप्ता जाऊ लागला आणि कर्ज खरोखरच कमी होऊ लागले. हाती रोकड असल्यामुळे धान्य घाऊक बाजारातून पारखून आणता येई. मात्र एक नवी सवय लावून घ्यावी लागे. पूर्वी घरखर्च आणि खाणावळीचा खर्च एकाच डब्यातून होई. त्यामुळे धंद्यात नफा आहे की आपण भांडवलच खातो आहोत, हे कळत नसे. बँकेचा हप्ता ठरल्या दिवशी द्यावयाचा, तेव्हा दोन डबे निराळे करावे लागतात, आणि कुणाकडून किती येणे आहे हेही लिहून ठेवावे लागते. जिला लिहिता येत नसेल, तिची वही तिची मुले लिहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. कित्येक गिरण्या पुढे पूर्ववत चालल्याच नाहीत. जेवणारी माणसे गावी परतली. कर्ज स्वस्त असले तरी गिऱ्हाईकच नाहीसे झाल्यावर त्याचा उपयोग किती होणार? ज्या स्त्रिया मंडळाच्या आधाराने टिकल्या, त्यांनी मिळून स्वयंपाक करून बाहेरच्या मागण्या पुरविण्याचा मार्ग धरला.

आज गिरणगावात गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. परंतु एकमेकींची हमी घेण्याची तीच रीत महाराष्ट्रातील खेड्यांत महिला बचत गटांच्या रूपाने दिसते. नाबार्डने १९९२ साली असे गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. दहा ते वीस स्त्रिया दरमहा ठरावीक बचत करतात, त्यातूनच अडलेलीला कर्ज देतात, आणि काही महिने हिशेब चोख राहिला म्हणजे बँक गटाला मोठी रक्कम देते. गटातले व्याजही पुष्कळदा महिन्याला दोन टक्के असते, म्हणजे फार स्वस्त नव्हेच. फरक इतकाच की ते सावकाराच्या तिजोरीत न जाता गटाच्याच पेटीत परत येते.

सावकारही अजून आहेत. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारी करण्यास परवाना लागतो. मुद्दलाहून अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. दामदुपटीची जुनी मर्यादाच येथे कायद्यात आली आहे. रक्कम न लिहिलेल्या कोऱ्या कागदावर सही घेण्यासही मनाई आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. सही करण्यापूर्वी कागद वाचून पाहावा लागतो, आणि पुष्कळ घरांत तो मोठ्यांना वाचून दाखविण्याचे काम आता शाळेत जाणाऱ्या मुलीकडे आले आहे.