नांदेडला जाऊन मनमाडपर्यंत परत

३५ मिलिमीटरची सिनेमाची फीत प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट धावते. सेकंदाला २४ चौकटी. दोन तासांचा चित्रपट म्हटला की १०,८०० फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या वर फीत आणि तिच्यावर १ लाख ७२ हजार ८०० चौकटी.

आता भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांचा हिशेब करू. ते सुमारे ३०० चित्रपटांत दिसले. कुठला लांब, कुठला आखूड. सरासरी दोन तास धरले तर ही सगळी फीत ९८० किलोमीटरच्या पुढे जाते. मुंबईहून रेल्वेने नांदेड सुमारे ६०० किलोमीटर. रुळाशेजारी ती उलगडत गेलो तर नांदेड गाठून, परत फिरून, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर मागे टाकत मनमाड ओलांडेपर्यंत ती संपत नाही. एकूण चौकटी ५ कोटींच्या वर! प्रत्येक चौकटीत दादा नाहीत, उतारवयातल्या कामांत तर ते एखाद्याच प्रसंगापुरते येतात. पण ज्या कामासाठी या माणसाने आयुष्य वेचलं, त्याचा आवाका एवढा आहे.

१ ऑगस्ट १९१३ चा जन्म. गिरणी कामगाराचा मुलगा. मूकपटांचा जमाना संपत आला होता तेव्हा ते पडद्यावर आले. आवाज नसलेल्या सिनेमात सगळं अंगानेच बोलावं लागे, आणि ती तालीम त्यांच्या अंगात कायमची मुरली. अमेरिकन मूकपटांचा उड्या मारणारा नायक डग्लस फेअरबँक्स हे त्यांचं दैवत. मारामाऱ्या ते स्वतः करत, बदली माणूस घेत नसत. १९३८ च्या ‘बहादूर किसान’पासून दिग्दर्शनही सुरू झालं. कमी खर्चाचे स्टंटपट त्यांनी धडाक्याने काढले. कपडे स्वतः ठरवायचे, कलाकारांच्या जेवणाची सोयही स्वतःच बघायची, आणि सगळं मिळून ६५ हजार रुपयांत चित्रपट हातावेगळा करायचा. १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ झाला.

मग १९५१ साली ‘अलबेला’. निजामाची राजवट जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. नांदेड आणि लातूर दोन्ही अजून हैदराबाद राज्यात, महाराष्ट्र व्हायला नऊ वर्षं बाकी. त्या सिनेमातली सी. रामचंद्रांची गाणी आजही आपल्याकडच्या वरातीत बँडवर वाजतात, आणि ती वाजली की जो तो दादांसारखाच नाचू लागतो.

हा नाच नीट बघा. गुडघे किंचित वाकलेले, कोपरं अंगाशी, हात आळीपाळीने वर-खाली, खांद्याला बारीकसा झटका, आणि पाय जवळजवळ जागेवरच. ना उडी, ना गिरकी. गल्ली कितीही अरुंद असो, दोन फूट जागा पुरते. अंगाने जाड माणसाला जमतो, साठीच्या काकांना जमतो. अमिताभ बच्चनपासून लातूरच्या नवरदेवाच्या मामापर्यंत तो पोचला, याचं कारण मला हेच वाटतं. आपल्या पडद्यावर याहून सोपा आणि याहून मोठ्या संख्येने नाचला गेलेला नाच दुसरा नसावा.

‘अलबेला’ने दिलेलं वैभवही डोळे फिरवणारं होतं. जुहूला समुद्राकाठी २५ खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी. पुढचे चित्रपट तसे चालले नाहीत. ‘हँसते रहना’ अर्धवट राहिला आणि त्यात पैसा बुडाला. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. २५ खोल्यांतून ते दादरच्या चाळीत आले. मिळेल ती लहान कामं करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांनी तिथेच डोळे मिटले.

बंगल्यापेक्षा मला त्या फितीची हळहळ अधिक वाटते. गोरेगावच्या गोदामाला आग लागली आणि दादांच्या बहुतेक चित्रपटांची राख झाली. ‘अलबेला’, ‘भागम भाग’ असे मोजके वाचले. त्या काळच्या नायट्रेट फितीचा गुणच असा, की एकदा पेटली की ती स्वतःच प्राणवायू सोडते. पाणी ओतूनही विझत नाही. भारतात १,३०० हून अधिक मूकपट निघाले, त्यातले तीससुद्धा आज शिल्लक नाहीत.

म्हणून नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरकडच्या वाचकांना एक कळकळीची विनंती. जुन्या टॉकीजच्या माळ्यावर किंवा एखाद्या बंद खोलीत गोल पत्र्याचे डबे पडलेले असतील, तर ते भंगारात घालू नका आणि उन्हातही ठेवू नका. आतून आंबूस वास येत असेल तर फीत खराब होऊ लागली आहे असं समजा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लगेच कळवा.