नसेचे ऑपरेशन आणि हाताची उचल



बेण्याच्या, खताच्या चौकशीसाठी आम्ही गटात फिरतो, तेव्हा घरच्या माणसांचीही विचारपूस होते. मोटारसायकलवरून पडून एक हात लुळा पडलेली तरुण पोरं अशा फिरतीत दिसतात. जखम भरलेली असते, पण हात खांद्यापासून लोंबतो. पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, की मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा ताणतो, तुटतो, कधी मज्जारज्जूपासून मुळासकट उपटतो. तुटलेली नस मालिश-लेपाने जुळत नाही.

नुसती ताणलेली नस पुष्कळदा आपोआप सुधारते, म्हणून डॉक्टर काही आठवडे वाट पाहतात. ती वाट त्यांच्याच नजरेखाली पाहावी, घरी बसून नव्हे. ऑपरेशन लागणारच असेल तर साधारण सहा महिन्यांच्या आत झालेले बरे. वर्ष-दीड वर्ष उलटले की नस येऊन पोचली तरी स्नायू तिला घेत नाही. नांग्या उशिरा भरल्या तर रोप जगते, पण उसात बसत नाही, तशातली गत.

उपटलेली नस परत जागेवर शिवता येत नाही. मग शेजारच्या पाटाचे पाणी वळवावे तशी चालू नस वळवतात. बोटांत जोर शिल्लक असेल तर तिकडे जाणाऱ्या नसेतला एक बारीक धागा दंडाच्या बेटकुळीला जोडतात. फ्रान्सचे सर्जन ओबर्लिन यांनी ही रीत १९९४ साली मांडली. कधी बरगड्यांमधल्या नसा वापरतात. गंमत अशी, की सुरुवातीला मूठ आवळली किंवा दीर्घ श्वास घेतला तरच कोपर वाकते! सरावाने मेंदू नवी वाट शिकतो.

एक वडील आम्हांला म्हणाले, "सायेब, चार महिनं झालं, हात हलंना. ऑपरेशन वाया गेलं." त्या पोराची नस मानेजवळ जोडलेली. नस वाढते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. मानेपासून बेटकुळीपर्यंत जायला वर्षाच्या आसपास लागणारच. बेटकुळीजवळच धागा जोडला असेल तर हालचाल पुष्कळ लवकर दिसते. आधी स्नायू नुसता फुरफुरतो. मग टेबलावर आडवा ठेवलेला हात सरकतो, आणि वजनाविरुद्ध उचल त्यानंतर. खांदा-कोपर बऱ्यापैकी येतात. बोटांचे काम मात्र अवघड, आणि सगळ्यांचा हात पूर्ववत होतो असेही नाही.

तोवर सांधे आखडू देऊ नयेत. डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्यांनी दाखवल्याप्रमाणे खांदा, कोपर, बोटे दुसऱ्या हाताने रोज हलवावीत. हे काम घरच्यांनी अंगावर घ्यावे, पोरगं कंटाळतं. चालताना हात झोळीत ठेवावा. बधिर हाताला चटका कळत नाही, पाचटाने कापलेलेही कळत नाही. चुलीपासून, गुऱ्हाळाच्या काहिलीपासून तो लांब ठेवावा आणि रात्री जेवण झाल्यावर बोटे उजेडात धरून नीट पाहावीत.