चिनी वैद्य ‘मूत्रपिंड’ म्हणतो तेव्हा

पारंपरिक चिनी वैद्यकावरचे पेपर वाचायला घेतले की ‘मूत्रपिंड दुर्बल, म्हणून कंबर कमजोर’ असं वाक्य हमखास भेटतं. लगेच क्रिएटिनिनचा रिपोर्ट शोधू नका! इथलं ‘शेन’ म्हणजे शरीररचनेतलं मूत्रपिंड नव्हे. वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण हे सगळं ज्याच्याकडे सोपवलंय, असं ते एक कार्य आहे. कंबर हे त्याचं घर, असं ‘हुआंगदी नेइजिंग’ हा प्राचीन ग्रंथ मानतो. म्हणून कंबर-गुडघ्यांतलं बळ जाणं, श्रमाने वाढणारं आणि पडून राहिल्यावर कमी होणारं दुखणं, कानात आवाज, ही लक्षणं एका गटात येतात. थंडी-ओलाव्याने जखडलेली कंबर वेगळी, रक्त साकळून टोचणारी वेगळी.

आधुनिक चाचणीत मात्र हे सगळे रुग्ण बहुधा ‘जुनाट कंबरदुखी’ या एकाच खोक्यात जातात. जर्मनीतल्या ‘गेराक’ चाचणीत (२००७) ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर सुया टोचून ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना फरक पडला. सुईमुळे म्हणा की अपेक्षेमुळे, फायदा दिसला; पण बिंदू निवडण्यामागची थिअरी त्यातून सिद्ध झाली नाही.

आणि ‘शेन दुर्बल’ हे निदान कितपत भरवशाचं, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. तो विचारायचा तर दोन वैद्य, एकमेकांशी न बोलता, एकाच रुग्णाला एकच निदान देतात का, हे आधी मोजावं लागेल. माझ्या मते प्रपोजल तिथूनच सुरू व्हावं. औषधाची तुलना नंतर.