गटाचा कॉम्प्युटर, आपल्याच हातांनी जोडलेला

आज मी मसाल्याबद्दल बोलणार नाही. आमच्या गटानं कॉम्प्युटर कसा जोडला, ते सांगणार आहे. होय, जोडला. सुटे भाग आणले आणि गटाच्या खोलीत सतरंजीवर बसून स्क्रू पिळले. मी बारावी शिकलेली बाई, इंजिनिअर नाही. तरीही मला हे सांगायचं आहे, कारण आधी जी चूक झाली ती माझीच होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मिरची कांडपाच्या धंद्यासाठी गटानं नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. बिलं, पाकिटांवरची लेबलं, कर्जाचा हिशोब, सगळं त्यावर करायचं होतं. निवड माझ्यावर सोपवली. दुकानात काचेच्या पेटीचा एक कॉम्प्युटर होता. पुढून काच, बाजूनं काच, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. मी त्याला भुलले. ३८ हजार रुपये हप्त्यानं दिले. दुकानाचं नाव घेत नाही. आत काय आहे हे मी विचारलंच नाही, मग त्यांना तरी किती बोल लावणार?

गेल्या उन्हाळ्यात दुपारी वीज तीन-चारदा गेली-आली, आतून फट्‌ आवाज झाला आणि जळका वास सुटला. वीज पुरवणारा भाग जळाला होता, आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर आमच्या दहा जणींचा पावणेतीन वर्षांचा हिशोब होता, आणि पुढच्या महिन्यात बँकेत नव्या कर्जासाठी तोच हिशोब दाखवायचा होता. डिस्कमधली माहिती काढून द्यायला जो खर्च सांगितला, त्यात दोन नवे कॉम्प्युटर आले असते.

वहीत नोंदी होत्या म्हणून वाचलो. तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाल्यावर बसून हिशोब पुन्हा मांडला. पण मीटिंगमध्ये एकजण म्हणाली, "ताई, आता पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढू नका." बाकीच्या गप्प बसल्या. ते गप्प बसणं मला जास्त लागलं. शेवटी ठरलं ते एवढंच, की १२ हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही.

माझी भाची आयटीआयला कोपा ट्रेड करते. ती म्हणाली, "मावशी, मॉनिटर चांगला आहे, कीबोर्ड-माऊस चांगला आहे, पेटी चांगली आहे. आतलंच तर बदलायचंय." मग तिनं मला आतलं शिकवलं. तेच तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला तर बाई कितीही चपळ असो, एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. डिस्क म्हणजे कोठीची खोली, वीज गेली तरी माल तिथेच राहतो. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते, तिच्यावरून माल शोधून आणायला वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून जुना कॉम्प्युटरही तिच्यामुळे एकदम चपळ होतो. मदरबोर्ड हे घर, ज्यात हे सगळे राहतात.

आणि एसएमपीएस. याच्याकडे कुणी बघत नाही, पण आमचं घर यानंच जाळलं. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज. कॉम्प्युटरच्या आत लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हा बदल करणारी लोखंडी डबी म्हणजे एसएमपीएस. चांगल्या डबीत काही बिघडलं तर ती स्वतः बंद पडते, पुढचे भाग वाचतात. स्वस्त डबीत ते संरक्षण नावाला असतं. आमच्या दिव्यांच्या पेटीत बसवलेली डबी हातात घेतली तर रिकाम्या टिफिनसारखी हलकी. एक मात्र ऐका, ही डबी कधीही उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आत वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो.

म्हणून आम्ही ठरवलं, की ज्यानं जळायचं किंवा माहिती जायची भीती आहे ते नवं घ्यायचं, बाकीचं जुनं चालेल. एसएमपीएस, एसएसडी आणि यूपीएस नवे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम वापरलेले. कंपन्या आपले कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलतात आणि ते चालू स्थितीत बाजारात येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड या मालासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही पुण्याला गेलो, एसटीच्या अर्ध्या तिकिटात.

दुकानदार म्हणाला, "आय-फाइव्ह आहे, घेऊन टाका." भाचीनं विचारलं, "नंबर काय?" मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. आय-फाइव्ह २०११ सालचाही असतो आणि त्याच्या कितीतरी नंतरचाही असतो. पुढचा नंबर सांगतो तो कुठल्या पिढीचा आहे. आम्ही घेतला तो ४५७०, पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. ८४०० असेल तर आठवी. पाच आकडे असतील, जसं १२४००, तर बारावी. नुसतं "आय-फाइव्ह" म्हणणं म्हणजे नुसतं "साडी" म्हणणं, सुती की रेशमी ते कळतच नाही.

बोर्ड हातात घेऊन त्यावरच्या डब्बीसारख्या गोल कपॅसिटरची डोकी बघायची. फुगलेली किंवा वर चिकट डाग असला तर घ्यायचा नाही. प्रोसेसर बसतो तिथल्या बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, ते मोबाईलच्या उजेडात बघायचं. मग दुकानातच चालू करून दाखवायला सांगायचं आणि तपासणीची मुदत बिलावर लिहून घ्यायची. रॅम घेताना बोर्डाला कुठली लागते ते आधी विचारा. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ च्या पट्टीतली खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर केला तर तुटते.

एका ठिकाणी मोठ्या कंपनीचा अख्खा जुना कॉम्प्युटर स्वस्त मिळत होता. तोही वाईट नसतो, ज्यांना जोडाजोडी नको त्यांनी खुशाल घ्यावा. पण अशा बऱ्याच पेट्यांत त्या कंपनीचा वेगळ्या जोडणीचा एसएमपीएस असतो, बाजारातला साधा बसत नाही. आमची सगळी भीती एसएमपीएसचीच, म्हणून सोडला.

आता खर्च. बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा मिळून ४२०० रुपये. ८ जीबी रॅम ८००. २५६ जीबीची एसएसडी १७००. ४५० वॅटचा एसएमपीएस २१००. ६०० व्हीएचा यूपीएस ३०००. थर्मल पेस्ट १००, जाळी आणि स्क्रू १५०. एकूण १२,०५०. वरचे पन्नास मी घातले. हे जुलै २०२५ चे भाव. त्यानंतर मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा विचारून जा. मॉनिटर नसेल तर जुन्या १९ इंचीला आणखी दोन हजारांच्या आसपास धरा.

जोडायच्या दिवशी सगळ्या जणी आल्या. वीज बंद, वायर काढलेली. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, पदर खोचलेला. नायलॉनच्या साडीची चटचट वीज नाजूक भागांना मारते, म्हणून दर वेळी आधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा.

प्रोसेसर आधीच बोर्डात होता, पण त्यावरची पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. ती पुसून लहान वाटाण्याएवढी नवी लावली आणि वर पंखा बसवला. त्याचे चार खिळे समोरासमोरच्या जोडीनं दाबायचे, टक्‌ आवाज येईपर्यंत. पेस्ट जास्त लावून काही गार होत नाही.

पेटीच्या पत्र्यावर पितळेचे छोटे उंच स्क्रू असतात, बोर्ड त्यांच्यावर अधांतरी बसतो. आमचा नवा बोर्ड जुन्यापेक्षा लहान. म्हणजे एक पितळी स्क्रू अशा जागी राहिला होता जिथे नव्या बोर्डाला भोकच नाही. तो तसाच ठेवला असता तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट झाला असता. भाचीनं मोजून पाहिलं म्हणून सापडला. तुम्ही भोकं आणि स्क्रू मोजाच.

सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. दहा जणी माझ्याकडे बघतायत. त्या क्षणी मला जमिनीत जावंसं वाटलं. भाचीनं शांतपणे वायर काढायला लावली. एसएमपीएसमधून बोर्डाला एक मोठी २४ पिनांची वायर जाते, ती लावली होती. पण प्रोसेसरसाठी कोपऱ्यात आणखी एक लहान, ४ पिनांची असते, ती राहिली होती. ती लावली आणि पडद्यावर अक्षरं आली. गप्प बसणारी आमची एक काकू तेवढ्यात म्हणाली, "बाई जिवंत झाली गं!"

आता पेटीची गोष्ट. पुढची काच दिसायला छान, पण हवा आत जाणार कुठून? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि शेजारी मिरचीचं डंक. म्हणून पुढची काच काढली आणि तिथे जुन्या नायलॉन मच्छरदाणीचा तुकडा ताणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं लावला. आठवड्यातून एकदा काढून झटकतो, तिखटाचा थर निघतो. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा हवा. पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे असतात तिकडून हवा बाहेर पडते. आमच्या दुकानदारानं दोन्ही पंखे आत फुंकणारे बसवले होते! मागच्या मोकळ्या फटींतून पाल शिरते, तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा घासून, स्क्रूनं पक्का केला. हे कापणं-भोकं पाडणं बोर्ड बसवायच्या आधीच करा, पत्र्याचा कीस आत पडला तर घात होतो. आणि पेटी जमिनीवर नाही, लाकडी पाटावर.

विंडोजचं काय? विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे आधीच जाहीर होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा चौथ्याचा. दुकानदार चोरीची प्रत टाकून देत होता, नको म्हटलं. त्यात काय काय लपून येतं ते सांगता येत नाही. आम्ही लिनक्स मिंट टाकलं, फुकट आणि कायदेशीर. लिब्रेऑफिसही फुकट, त्यात हिशोब मराठीत होतो. आमचा प्रिंटर चालला. पण टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. तुमचा हिशोबनीस टॅलीच मागत असेल, तर थोडे पैसे जास्त घालून आठव्या पिढीचा प्रोसेसर घ्या.

यूपीएसबद्दल एक गैरसमज. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. वीज गेली की फाईल सेव्ह करून नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, पिक्चर बघायला नाही. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, तो एकदम फार वीज ओढतो. आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आमच्या खोलीत तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. तीन वर्षं आम्ही तशाच चालवत होतो.

दर मीटिंगच्या दिवशी हिशोब पेन ड्राइव्हवर उतरवतो. पेन ड्राइव्ह दोन आहेत. एक खोलीत, दुसरा आमच्या सचिवबाईंच्या घरी, लोखंडी कपाटात. वहीही चालूच आहे.

बँकेत हिशोब वेळेत गेला, कर्ज मंजूर झालं. ते निळे-जांभळे दिवे आम्ही पेटीतून काढले. गौरी बसल्या तेव्हा मखरात लावले. त्यांना १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो एका जुन्या राऊटरचा सापडला.