डहाणू-तलासरीतील अल्प प्रमाणावरील शेळीपालन : यशापयशाची मीमांसा

शेळीला गरिबाची गाय म्हणण्याची रूढी आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र तिला गरिबाची पेढी म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. येथील वारली वा कोकणा कुटुंब शेळी पाळते ते मुख्यतः दुधासाठी नव्हे. आजारपण, लग्नकार्य किंवा भाताचे बियाणे यांसाठी अडीअडचणीला एखादा बोकड विकता यावा, हा त्यामागील हेतू असतो. दोनचार शेळ्यांचा हा व्यवसाय कोठे भरभराटीस येतो व कोठे बुडतो, याची कारणे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. शेळीचा गर्भकाल सुमारे १५० दिवसांचा असल्याने, व्यवस्था चांगली असल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात. चार शेळ्यांची बारा वेते व दर वेतास सरासरी दीड करडू धरल्यास अठरा करडे होतात. त्यांतील सहा दगावली तर बारा उरतात. दोनच दगावली तर सोळा. म्हणजे एकही शेळी न वाढविता विक्रीयोग्य जनावरे एकतृतीयांशाने वाढतात. यशाचे मर्म कळपाच्या संख्येत नसून करडांच्या जगण्यात आहे, हे यावरून उघड होते.

या भागात करडांचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार वृष्टीत शेळी चरावयास जाऊ शकत नाही. ओली जमीन, कोंदट हवा व साचलेले मूत्र यांमुळे फुफ्फुसाचा दाह आणि खुरांचे विकार बळावतात. ओल्या कुरणातून पोटात जाणारे गोलकृमी रक्त शोषतात, तर भातखाचरांतील गोगलगायींमार्फत यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार होतो. कोवळे गवत एकाएकी भरपूर खाल्ल्याने आंत्रविषाराचा धोका संभवतो. म्हणून पावसापूर्वीच जंतनाशक औषध व आंत्रविषाराची लस देणे, तसेच पीपीआर या सांसर्गिक रोगाविरुद्ध लसीकरण करणे अगत्याचे आहे. घराच्या पडवीत बांबूच्या पट्ट्यांचे, जमिनीपासून हातभर उंच मचाण बांधल्यास लेंड्या व मूत्र खाली पडून जागा कोरडी राहते. प्रौढ शेळीस सुमारे दहा चौरस फूट जागा पुरते. करडू जन्मताच तासाभरात त्यास चीक पाजणे हा तर बिनखर्ची उपाय होय.

दुसरा प्रश्न चाऱ्याचा. शेळी ही स्वभावतः पाला खाणारी. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर तिचे पोषण होत नाही. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावल्यास उन्हाळ्याची उणीव भरून निघते. मात्र सुबाभळीतील मायमोसिन या द्रव्यामुळे तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा. सामुदायिक चराईस २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्यता दिली असली, तरी त्या हक्काबरोबर चराईचे नियमनही गावानेच करावयास हवे.

जातीची निवडही विचारपूर्वक व्हावी. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध असली, तरी ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील आहे. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ ही जात अतिवृष्टीस सरावलेली आहे. तथापि, स्थानिक शेळ्या राखून पैदाशीचा चांगला बोकड गावाने सामाईकपणे ठेवणे व रक्तसंकर टाळण्यासाठी तो दर दोन वर्षांनी बदलणे, हा मार्ग अल्प खर्चाचा आहे.

परंतु सर्वांत निर्णायक बाब मनुष्यबळाची होय. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्यत्र मजुरीस जातात. मागे राहिलेल्या वृद्धांवर कळप पडतो, अथवा तो निघण्यापूर्वी पडत्या भावाने विकला जातो. शेळ्यांची निगा बहुधा स्त्रिया राखतात; व्यापारी मात्र नजरेच्या अंदाजाने पुरुषाशी सौदा करतो. जनावर वजनावर विकले गेले आणि पैसा निगा राखणारीच्या हाती आला, तरच तिला लसीसाठी खर्च करण्याचे प्रयोजन राहील.

सारांश, दहा शेळ्या व एक बोकड असा गट वाटून देणारी योजना ही केवळ आरंभ होय. कोरडा निवारा, वेळेवर लस, बांधावरचा पाला आणि गावात राहणारी व्यक्ती यांची जुळणी नसेल, तर मोठा गटही पहिल्या पावसाळ्यातच रोडावतो; ती असेल, तर चार शेळ्याही कुटुंबास सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचवू शकतात.